एसओपी लिहायला शिकवणारं लाईव्ह वर्कशॉप घ्यायचंय, अर्ध्या दिवसात नेमकं काय करून घेऊ?

मरोळवाली

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, चहा घेऊन वाचा. मी मरोळच्या एका ट्रेडिंग कंपनीत ऑपरेशन्स बघते. माल भिवंडीच्या गोडाऊनला उतरतो, तिथून महाराष्ट्रभर आणि गुजरातला जातो. आमच्याकडे काम कसं करायचं हे सगळं लोकांच्या डोक्यात आहे, कागदावर काहीच नाही. आता परचेसचे एक जुने काका मार्चमध्ये रिटायर होतायत आणि ते गेल्यावर कुठल्या सप्लायरला कधी फोन करायचा, कोणाचं बिल का अडवायचं, हे सांगणारं कोणी उरत नाही, तेव्हा साहेबांना जाग आली आणि ऑर्डर सुटली की सगळ्यांना एसओपी (स्टँडर्ड ऑपरेटिंग प्रोसिजर, म्हणजे काम पायरीपायरीने कसं करायचं त्याचा कागद) लिहायला शिकव, एक वर्कशॉप घे. मला का, तर माझे ईमेल म्हणे मुद्देसूद असतात!!

१६ जण आहेत. अकाउंट्स, परचेस, डिस्पॅच, एचआर, कस्टमर सपोर्ट, सगळं मिक्स. वेळ १० ते २. डिस्पॅचचे चौघे भिवंडीहून झूमवर. मागे एकदा बाहेरून ट्रेनर आणला होता, त्याने स्लाईडवर स्लाईड दाखवल्या, कोणाच्याही हातून एक ओळ लिहून झाली नाही, सर्टिफिकेट मात्र सगळ्यांना मिळालं. तसं होऊ द्यायचं नाहीये.

माझा कच्चा प्लॅन असा की पहिला अर्धा तास डॉक्युमेंटेशनचं महत्त्व, मग पॉलिसी, प्रोसेस, प्रोसिजर, वर्क इन्स्ट्रक्शन यातला फरक, मग पाऊण तास फ्लोचार्ट आणि त्याची चिन्हं (बीपीएमएन, म्हणजे कामाच्या आकृत्या काढायची ठरावीक चिन्हांची पद्धत, ती पण थोडी घ्यावी का?), मग आपलं टेम्पलेट समजावून सांगायचं आणि उरलेल्या वेळात सराव. यात काय ठेवू, काय उडवू? लिहायचं कुठल्या भाषेत? आणि वर्कशॉप उपयोगी पडलं की नाही हे कळणार कसं? कोणी घेतलं असेल तर सांगा प्लीज.

कागदोपत्री

ताई, ‘उरलेल्या वेळात सराव’ असं जिथे लिहिलेलं असतं तिथे वेळ कधीच उरत नाही, तेव्हा हा प्लॅन खालून वर वाचा, जवळजवळ बरोबर होईल. मी बरीच वर्षं टेक्निकल रायटिंग करतो आणि अशी वर्कशॉप घेतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी हे ठरवा की दोन वाजता माणूस खोलीतून बाहेर पडताना त्याच्या हातात काय असेल. माझ्या मते एकच गोष्ट असावी: त्याच्या स्वतःच्या एका कामाचं दीड-दोन पानी डॉक्युमेंट, जे दुसऱ्या कोणीतरी वाचून करून बघितलंय. ते व्हायला ज्याची गरज नाही ते सगळं उडवा. महत्त्व सांगायचं कशाला, काका चाललेत हे सगळ्यांना दिसतंय. पॉलिसी आणि प्रोसिजरमधला फरक एका वाक्यात होतो. बीपीएमएन तर अजिबात नको. आज चालतं ते २.० व्हर्जन २०११ चं आहे, पुढे ते आयएसओचं (आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं) स्टँडर्डही झालं, छान आहे, पण बिझनेसवाल्यांनी काढलेली आकृती सॉफ्टवेअरवाल्यांनाही तशीच कळावी आणि पुढे सिस्टीममध्ये चालवता यावी या गरजेतून ते आलंय. तुमच्या लोकांना चौकोन, बाण आणि निर्णयाचा डायमंड एवढं पुष्कळ. भिंतीवर मोठा कागद लावून आडवे पट्टे आखा, प्रत्येक डिपार्टमेंटला एक पट्टा, त्यावर स्टिकी नोट. काम एका पट्ट्यातून दुसऱ्यात उडी मारतं तिथेच गोची असते, ती सगळ्यांना एकदम दिसते.

वर्कशॉपचं अर्धं यश आधीच्या आठवड्यात ठरतं. प्रत्येकाला दहा मिनिटं फोन करून कुठलं काम लिहायचं ते पक्कं करा. ‘परचेस’ हे काम नाही, तो डोंगर आहे. ‘सप्लायरचं बिल हातात आल्यापासून ते पेमेंटला पाठवेपर्यंत’ हे काम आहे, कारण ते कशाने सुरू होतं आणि कुठे संपतं हे सांगता येतं. आणि प्रत्येकाला सांगायचं की या कामाच्या अलीकडच्या तीन खऱ्या केसेसचे कागद घेऊन ये, त्यातली एक फिसकटलेली असलीच पाहिजे. सगळं सुरळीत झालेल्या केसवरून लिहिलेली एसओपी फक्त सगळं सुरळीत असतानाच चालते, आणि तेव्हा ती कोणी उघडत नाही.

खोलीत आल्यावर पहिल्यांदा लिहायला बसवू नका, बोलायला बसवा. जोड्या लावा, पण वेगवेगळ्या डिपार्टमेंटच्या. अकाउंट्सवाला सांगेल, सपोर्टवाली लिहून घेईल, मग उलट. कारण ज्याला काम येतं त्याला आपण काय गाळतोय ते दिसतच नाही. स्टॅनफर्डमध्ये १९९० मध्ये एलिझाबेथ न्यूटन या बाईंनी पीएचडीसाठी एक प्रयोग केला होता, लोकांना टेबलावर बोटांनी ओळखीच्या गाण्याचा ताल वाजवायला सांगितला आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्म्या वेळा तरी ओळखतील, प्रत्यक्षात १२० पैकी ३ गाणी ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण ऑर्केस्ट्रा चालू असतो हो, समोरच्याला नुसती टकटक. वाटल्यास वर्कशॉपची सुरुवात यानेच करा, पाच मिनिटं लागतात आणि लोक हसतात.

लिहून घेणाऱ्याला चार प्रश्न कार्डावर छापून द्या: आणि मग? कशावरून कळलं? तसं नसेल तर? कोणाला सांगता? यातला ‘कशावरून कळलं’ हा सोन्यासारखा. "मग मी माल बरोबर आहे का बघतो." कशावरून कळलं बरोबर आहे? इथून पुढे खरी एसओपी सुरू होते.

लिहिताना नियम एकच पाळायला लावा, प्रत्येक पायरीला कर्ता हवा. ‘बिल तपासले जाते व मंजुरीसाठी पाठवले जाते’ हे सरकारी मराठी सगळ्यांच्या हातात बसलंय, त्यात कोण तपासतं, कोणाला पाठवतं, काही पत्ता नाही. ‘अकाउंट्स असिस्टंट बिलावरचा पीओ (परचेस ऑर्डर) नंबर टॅलीतल्या पीओशी जुळवतो’ असं लिहा. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी कारखान्यांत नवखी माणसं भराभर तयार करायला ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री म्हणून कार्यक्रम होता, त्यातला कागद अजून चालतो: एका रकान्यात पायरी, दुसऱ्यात त्या पायरीतली खुबी, आणि आता बहुतेक जण तिसरा रकाना घालतात तो कारणाचा. तुमच्या टेम्पलेटमध्ये बाकी काही नसलं तरी चालेल, हे तीन रकाने असू द्या.

आणि आता मुख्य भाग, टेस्ट. किमान एक तास ठेवा, जेवणाआधी, डोकी ताजी असताना. लेखकाने आपला कागद तिसऱ्याच डिपार्टमेंटच्या माणसाला द्यायचा, तो वाचून काम करायला लागेल, आणि लेखकाने शेजारी तोंड बंद करून बसायचं. हे फार अवघड जातं. एका ठिकाणी डिस्पॅचच्या माणसाने लिहिलं होतं, ‘मालाची किंमत जास्त असल्यास ई-वे बिल बनवावे.’ (ई-वे बिल म्हणजे माल गाडीने नेताना लागणारं जीएसटीचं ऑनलाईन बिल.) टेस्टला एचआरची मुलगी बसलेली. ती तिथेच थांबली, म्हणाली जास्त म्हणजे किती? याच्या दृष्टीने प्रश्नच वेडगळ, राज्याबाहेर ५० हजाराच्या वर, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर, हे त्याला झोपेतही पाठ. मग तिने विचारलं, ही रक्कम टॅक्स धरून की सोडून? (धरून.) मग विचारलं, बनवावे म्हणजे कोणी, मी? तोपर्यंत तो खुर्चीत चुळबुळ करून अर्धा झाला होता. पण शेवटी त्या एका ओळीच्या सहा ओळी झाल्या आणि त्या त्यानेच लिहिल्या. हे मी स्लाईडवर सांगून झालं असतं का?

टॅली_ताई

वरचं सगळं पटलं, मी फक्त तारखेबद्दल लिहिते कारण ते कोणी बघत नाही आणि मग अकाउंट्सवाले येत नाहीत म्हणून आमच्या नावाने बोंब. ७ तारखेला टीडीएस (कापलेला टॅक्स) भरायचा, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी, ही जीएसटीची रिटर्न. तोपर्यंत आम्हाला वर्कशॉपला बोलावलंत तर आम्ही शरीराने येऊ. आणि महिनाअखेर डिस्पॅचची मारामारी असते. म्हणजे उरले २१ ते २५, त्यातच बसवा. सकाळी १० पण नको, डोंबिवली विरारकडून येणारी माणसं असतील तर साडेदहा म्हणा, नाहीतर पहिला पाऊण तास ‘गाडी लेट होती’ मध्येच जातो.

आणि तो कारणाचा रकाना अकाउंट्ससाठी तर हवाच हवा. आमच्याकडचं उदाहरण देते. बिल, पीओ आणि जीआरएन (माल मिळाल्याची गोडाऊनची नोंद) तिन्ही जुळल्याशिवाय पेमेंट नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण जीआरएनवर माल स्वीकारल्याची तारीख का टाकायची हे विचारलं तर कोणी सांगत नाही, मग कंटाळा आला की गाळतात. तर सप्लायर मायक्रो किंवा स्मॉल मॅन्युफॅक्चरर असेल तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५, आणि ते दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात. उशीर झाला तर २०२३-२४ पासून तो खर्च इन्कम टॅक्समध्ये त्याच वर्षी धरता येईल याची खात्री नाही, पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षी धरावा लागतो, १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्यातलं ४३बी(एच) कलम बघा. म्हणजे गोडाऊनमधल्या मुलाने तारीख टाकली नाही की त्याचा फटका मार्चमध्ये आमच्या डोक्यावर. हे एकदा त्या रकान्यात लिहिलं ना की कोणी तारीख गाळत नाही, निदान गाळताना लाज वाटते.

सहज_सुचलं

मी जरा उलट बोलतो, रागवू नका. एवढा खटाटोप कशाला? मुंबईत डबेवाले १८९० पासून डबे पोचवतायत, त्यांनी कुठे एसओपी लिहिल्या? माणसं चांगली असली की काम होतं. आणि लिहायचंच असेल तर चॅटजीपीटीला सांगा, दहा मिनिटांत सगळ्या डिपार्टमेंटच्या एसओपी तयार, साहेब खूश. नाहीतरी ते कागद फाईलमध्येच जाणार. ऑडिटच्या आदल्या रात्री बाहेर काढायचे, झालं.

भिवंडी_गोडाऊन

@सहज_सुचलं भावा तू कधी डब्याचं झाकण बघितलंयस का नीट? त्यावर रंगाने खुणा असतात, कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठली बिल्डिंग, कितवा माळा. ती काय रांगोळी आहे का? तीच त्यांची एसओपी आहे, जिथे लागते तिथेच लिहिलेली, आणि वाचणाऱ्याला वाचता येईल अशी. आणि दुसरं म्हणजे डबेवाले मावळ, मुळशी, जुन्नर, खेडकडचे, एकमेकांचे गाववाले, नवीन पोरगा जुन्यासोबत फिरून शिकतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. आमच्याकडे लोडिंगची पोरं दिवाळीला गावी गेली की निम्मी परत येत नाहीत. तिथे कोण कोणाला शिकवणार?

ताई आता तुमच्यासाठी. मी डिस्पॅच सुपरवायझर आहे, तुमच्या त्या झूमवरच्या चौघांसारखाच. हात जोडून सांगतो झूम नको. गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्टचा आवाज, नेट जातं, मधे गाडी लागली की उठावं लागतं, आणि ऑफिसातली बारा माणसं आपापसात हसत असतात आम्हाला कळत नाही कशाला हसले. आम्ही कॅमेरा बंद करून कामाला लागतो, खरं सांगतो. आम्हाला मरोळला बोलावलंत तर जायला-यायला दिवस जाणार, भिवंडी रोड स्टेशन दिवा-वसई लाईनवर, गाड्या मोजक्या, आणि रस्त्याने यायचं तर ट्रॅफिकचं सांगायला नको. तुम्हीच या इकडे. आमचं वेगळं घ्या, दोन तासांचं, दुपारी बारा ते दोन, तेव्हा गाड्या कमी असतात. आणि खोलीत नको, डिस्पॅच टेबलाजवळ उभ्याने घ्या. मी काम करून दाखवतो, तुमचा माणूस बघून लिहील. आम्हाला लिहायला सांगितलं तर आम्ही शाळेत बसल्यासारखे बसतो, करायला सांगितलं तर सगळं बाहेर येतं.

ई-वे बिलाचं वर लिहिलंय ते बरोबर, पण खरी मजा पुढे आहे. गाडी निघाली, मानकोलीला बंद पडली, ट्रान्सपोर्टरने दुसरी गाडी पाठवली, माल त्यात हलवला. बिलावर नंबर जुन्या गाडीचा. ई-वे बिलाच्या पार्ट बी मध्ये, म्हणजे गाडीच्या माहितीच्या भागात, नवीन नंबर टाकायचा हे मला माहितीये, पण रात्री अकरा वाजता मी घरी असतो आणि लॉगिन कोणाकडे? नाक्यावर पकडली की ड्रायव्हर मला फोन करणार. दुसरं, बिल चुकीचं बनलं तर २४ तासांत कॅन्सल करता येतं, त्यानंतर नाही. तिसरं, २०० किलोमीटरला एक दिवस मुदत, गाडी दोन दिवस कुठे अडकली तर मुदत संपायच्या आधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास, एवढ्यातच वाढवायची. हे सगळं ‘नाहीतर काय’ वालं काम कुठल्याच एसओपीत नसतं, ‘ई-वे बिल बनवावे’ एवढंच असतं. मला विचाराल तर सरळ काम अर्ध्या पानात लिहा आणि बाकीचं दीड पान लफड्यांना द्या. प्रत्येक लफड्यापुढे कोणाला फोन करायचा ते लिहा, माणसाचं नाव नको, पोस्ट लिहा, माणूस बदलतो.

चॅटजीपीटीला यातलं काय माहीत? त्याला लॉगिन कोणाकडे आहे ते माहीत आहे का?

क्यूए_ठाणे

फार्मामध्ये क्यूएला (क्वालिटी तपासणाऱ्या विभागाला) आहे, आमचं आयुष्यच एसओपीवर, त्यामुळे दुसरी बाजू सांगतो. आमच्याकडे प्रत्येक एसओपी वाचून ‘रीड अँड अंडरस्टूड’ वर सही घेतात. सही असते, समजलेलं असतंच असं नाही. म्हणून कागदोपत्री यांनी टेस्टचं लिहिलंय त्याला शंभर टक्के अनुमोदन.

कोणी तुम्हाला ‘आयएसओला लागतं म्हणून लिहा’ असं सांगेल तर त्याला थांबवा. आयएसओ ९००१ या क्वालिटीच्या स्टँडर्डच्या २००८ च्या आवृत्तीत सहा लेखी प्रोसिजर सक्तीच्या होत्या, २०१५ मध्ये ती यादीच गेली, आता ‘डॉक्युमेंटेड इन्फर्मेशन’ म्हणतात आणि किती लिहायचं ते बरंचसं तुमच्या कामावर सोडलंय. म्हणजे जाडजूड फाईल करायची सक्ती कोणाचीच नाही, लोकच हौसेने करतात. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची सर्जरीची चेकलिस्ट बघा, ऑपरेशन थिएटरसारख्या ठिकाणी चालते, १९ मुद्दे, एक पान.

वर्कशॉपमध्ये एक गोष्ट मात्र शेवटी पंधरा मिनिटं काढून कराच: प्रत्येक डॉक्युमेंटच्या वर मालक कोण, व्हर्जन कितवं, कधीपासून लागू, पुन्हा कधी बघायचं. हे आधी शिकवलं तर लोक हेडर सजवत बसतात, म्हणून शेवटी. आणि जुनी प्रत फाडायची जबाबदारी एकाची. मी बाहेर ज्या ज्या ठिकाणी गेलोय तिथे एसओपी नाही म्हणून जेवढे घोटाळे बघितले त्याहून जास्त दोन एसओपी आहेत म्हणून बघितले, एक शेअर फोल्डरमध्ये आणि एक कपाटाच्या दारावर सेलोटेपने चिकटवलेली, आणि सगळे कपाटावरची वाचतात.

उपयोग झाला की नाही ते त्या दिवशीच्या फीडबॅक फॉर्मवरून कळत नाही. जेवण चांगलं असलं की पाचपैकी पाच मिळतात. किर्कपॅट्रिकने १९५९ मध्ये ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या सांगितल्या: आवडलं का, शिकले का, काम बदललं का, कंपनीला फरक पडला का. आपल्याकडे बहुतेक जण पहिल्या पायरीवरच बसकण मारतात. तुम्ही महिन्याने एक करा, एखादा माणूस रजेवर असेल त्या दिवशी त्याचं काम दुसऱ्याला त्या कागदावरून करायला द्या आणि रजेवरच्या माणसाला किती फोन गेले ते मोजा.

मरोळवाली

बापरे, एवढं लिहाल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे खूप खूप आभार. माझा जुना प्लॅन कचऱ्यात गेला. झूम कॅन्सल, भिवंडीला मी स्वतः जाते, साहेबांकडून गाडी मागून घेतली. ऑफिसचं २३ तारखेला साडेदहाला ठेवलंय. फोन करून कामं पक्की करायला लागलेय, आणि ‘डोंगर नको’ हे सगळ्यांना सांगावंच लागतंय, एचआरवालीने लिहायला काय निवडलं होतं माहितीये, ‘रिक्रूटमेंट’! आता ‘ऑफर लेटर गेल्यापासून पहिल्या दिवशी लॅपटॉप मिळेपर्यंत’ यावर आलीये.

भाषेचं कोणी बोललं नाही, ते सांगाल का? साहेब म्हणतात इंग्रजीच हवं, प्रोफेशनल दिसतं.

आणि मोठा प्रश्न म्हणजे काका. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय तेच म्हणतात मी काय लिहिणार, मी काय क्लार्क आहे का, इतकी वर्षं काम केलंय, विचारा ना काय विचारायचं ते. आणि विचारलं की "ते सवयीने कळतं" एवढंच. रागावलेत की काय तेही कळत नाही.

कागदोपत्री

भाषेचं सोपं आहे, जो ते काम करतो तो ज्या भाषेत वाचतो ती. खोलीत बोलताना मराठी-हिंदी-इंग्रजी जे तोंडात येईल ते, कच्चं लिखाणही तसंच होऊ द्या, कारण इंग्रजीत लिहायला लावलं की माणूस त्याला जे लिहिता येतं तेवढंच लिहितो, जे माहीत आहे ते लिहीत नाही. साहेबांना इंग्रजी प्रत हवी असेल तर नंतर करा, पण वापरायची प्रत एकच ठरवा, नाहीतर क्यूए_ठाणे म्हणाले तो कपाटाचा प्रकार होणार. फक्त स्क्रीनवरच्या बटणांची नावं जशी दिसतात तशीच लिहा. स्क्रीनवर ‘सबमिट’ असेल तर कागदावर ‘सादर करा’ लिहून माणसाला शोधायला लावू नका.

काकांना लिहायला सांगूच नका. ते म्हणतायत ‘विचारा’, तर विचारा. वर्कशॉपची सुरुवात त्यांच्यापासून करा, सगळ्यांसमोर त्यांची मुलाखत, वीस मिनिटं, आणि विचारणारी सगळ्यात नवीन जॉइन झालेली व्यक्ती. ‘सवयीने कळतं’ म्हणाले की तिथे वाद न घालता एक खरी केस पुढे ठेवायची, "काका, हे ऑगस्टमधलं बिल तुम्ही अडवलं होतं, यात काय दिसलं तुम्हाला?" नियम काय असं विचारलं तर कोणालाच सांगता येत नाही, बिल हातात दिलं की बोट आपोआप जातं. "हा बघ, हा प्रत्येक वेळी फ्रेट (मालाचं भाडं) वेगळं लावतो, आणि पीओमध्ये आपलं डिलिव्हरीसकट आहे." झाली ना पायरी, खुबी, कारण, तिन्ही रकाने भरले. तुम्ही फक्त बोर्डावर लिहीत जा. बाकीच्यांना डेमोही मिळाला आणि काकांना क्लार्कही व्हावं लागलं नाही.

भिवंडी_गोडाऊन

काकांचं मला वेगळं वाटतं. ते रिटायर होतायत म्हणून त्यांना भीती नाही, मान हवाय. पण खोलीतल्या बाकी लोकांना भीती आहे ती कोणी बोलत नाही. सगळं लिहून दिलं की उद्या माझ्या जागी कमी पगाराचा कोणी आणतील. आमच्याकडे हे उघड बोलतात, ऑफिसात मनात ठेवतात आणि मग एसओपीत मुद्दाम एखादी गोष्ट कमी लिहितात. त्याला ट्रेनिंगचा इलाज नाही ताई, साहेबांनी तोंडाने सांगायला पाहिजे की यामुळे तुम्हाला सुट्टी मिळेल, रात्री अकराचे फोन बंद होतील. आणि खरंच बंद व्हायला पाहिजेत, नुसतं सांगून नाही.

मरोळवाली

हे महत्त्वाचं बोललात. साहेबांना सुरुवातीला बोलायला लावते. पण ते म्हणतायत पूर्ण वेळ बसतो, मलाही शिकायचंय. बसू देऊ का?

टॅली_ताई

नाही नाही नाही. साहेब बसले की लोक काम कसं करतात ते लिहिणार नाहीत, कसं करायला पाहिजे ते लिहितील. आमच्याकडे पेटी कॅशचं व्हाउचर आधी आणि पैसे नंतर असं कागदावर आहे, प्रत्यक्षात ड्रायव्हर दारात उभा असतो, पैसे आधी जातात आणि व्हाउचर संध्याकाळी. साहेबांसमोर हे कोण बोलेल? आणि हे बोललंच नाही तर सुधारणार काय? पहिली दहा मिनिटं आणि शेवटचा अर्धा तास एवढंच बोलवा. मधे मीटिंग आहे असं काहीतरी त्यांच्या कॅलेंडरमध्ये टाकून द्या.

क्यूए_ठाणे

+१. आणि त्यात जे ‘असं करतो पण करायला नको’ निघेल त्याचा वेगळा कागद ठेवा, एसओपीत दोन्ही मिसळू नका. आधी आहे तसं लिहा, मग साहेबांबरोबर बसून काय बदलायचं ते ठरवा. त्याच दिवशी दोन्ही करायला गेलात तर चार वाजतील, आणि अडीचला सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे.

मरोळवाली

ठीक. टाकते कॅलेंडरमध्ये मीटिंग 😄 भिवंडी_गोडाऊन, तुमच्यासारख्या माणसांसाठी स्टिकी नोट, मार्कर, मोठे कागद घेऊन चाललेय, अजून काही लागेल का?

भिवंडी_गोडाऊन

स्टिकी नोट ऑफिसातच ठेवा, गोडाऊनच्या भिंतीला धूळ असते, पाच मिनिटांत सगळ्या खाली. त्यापेक्षा रिकाम्या कार्टनचे पुठ्ठे आणि ब्राऊन टेप वापरा, ते तिथे ढिगाने असेल. काळा जाड मार्कर आणा, पेनाचं लिहिलेलं लांबून दिसत नाही. आणि फायनल झालेला कागद लॅमिनेट करून डिस्पॅच टेबलाच्या वर डोळ्यांच्या रेषेत लावा, खाली लावला तर त्याच्यावर चलनाचे गठ्ठे बसतील. जेवण सांगू नका बाहेरून, तिथे कोणाकडे तरी डबा असतोच.